'शिक्षा' : आकाशाच्या राखणीचा धडा

'शिक्षा' हा शब्द वाचताच मराठी माणसाच्या मनात दंडाचा अर्थ उभा राहतो. हिंदीत मात्र त्याचा अर्थ शिक्षण असा होतो. नोव्हेंबर १९६३ मध्ये भारतीय हवाई दलाने अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या हवाई दलांसमवेत आकाशाच्या संरक्षणाचा जो संयुक्त सराव केला, त्याचे नाव 'शिक्षा' असे होते. नाव ठेवणाऱ्यांना हिंदी अर्थ अभिप्रेत होता, हे उघड आहे. तथापि चीनकडून झालेल्या पराभवाला जेमतेम एक वर्ष होत असताना आपल्याच राजधानीवरचे आकाश कसे राखावे, हे परदेशी वैमानिकांच्या सोबतीने शिकण्याची वेळ यावी, हे पाहता मराठी अर्थही फारसा गैरलागू ठरत नाही.

या सरावाचा उल्लेख आज क्वचितच होतो. १९६२ चे युद्ध आणि १९६५ चे युद्ध या दोन मोठ्या घटनांच्या मधल्या फटीत तो हरवून गेला आहे. परंतु मित्रराष्ट्रांनी एकमेकांच्या आकाशात येऊन सराव करायचा म्हणजे नेमके काय, त्यातून काय मिळते आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर 'शिक्षा'इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

नोव्हेंबर १९६२ ची दोन पत्रे

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमेवर एकाच वेळी हल्ला चढवला. त्यानंतरच्या महिनाभरात भारतीय हवाई दलाने रसद पोहोचवणे, जखमींना आणणे, तुकड्या हलवणे ही कामे अतिशय जिकिरीच्या परिस्थितीत केली. परंतु लढाऊ विमाने मात्र जमिनीवरच राहिली. त्यांचा वापर केला तर चीनची बॉम्बफेकी विमाने भारतीय शहरांवर येतील, अशी भीती दिल्लीत होती. अमेरिकेचे राजदूत जॉन केनेथ गॅलब्रेथ यांचाही सल्ला सबुरीचाच होता.

या भीतीच्या केंद्रस्थानी कोलकाता होते. पूर्व भारतातील उद्योग, बंदर आणि रेल्वेचे जाळे या एका शहराभोवती एकवटलेले होते. शिवाय या शहराला बॉम्बवर्षावाचा अनुभव होता. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलकात्यावर बॉम्ब टाकले, तेव्हा नागरिक मोठ्या संख्येने शहर सोडून गेले होते. जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने रडार बसवलेली 'ब्यूफायटर' ही रात्रीची लढाऊ विमाने आणली आणि काही दिवसांतच जपानी हल्लेखोर विमाने पाडली, तेव्हा कुठे शहराने सुटकेचा श्वास घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी स्वतंत्र भारताकडे पूर्वेच्या आकाशावर सलग नजर ठेवणारी रडार साखळी नव्हती. हंटर, नॅट, मिस्टेअर ही विमाने चांगली होती, वैमानिक कसलेले होते. परंतु ही प्रामुख्याने दिवसा, स्वच्छ हवेत लढणारी विमाने होती. रात्रीच्या कामासाठी व्हॅम्पायर विमानांची एक जुनी आवृत्ती काय ती हाताशी होती.

१९ नोव्हेंबर १९६२ रोजी बोमडिला पडले होते आणि तेजपूर शहर रिकामे होऊ लागले होते. त्या दिवशी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांना दोन पत्रे पाठवली. त्यांत सर्व प्रकारच्या हवामानात उडू शकणाऱ्या स्वनातीत लढाऊ विमानांच्या किमान बारा स्क्वाड्रन आणि रडारचे जाळे मागितलेले होते. त्याशिवाय बी-४७ बॉम्बफेकी विमानांच्या दोन स्क्वाड्रनचीही मागणी होती. या मागणीतील सर्वांत महत्त्वाचा भाग यंत्रांविषयीचा नव्हता. भारतीय माणसे तयार होईपर्यंत ही लढाऊ विमाने आणि ही रडार यंत्रे अमेरिकी माणसांनीच चालवावीत, असे त्यात म्हटले होते. अलिप्ततेच्या धोरणाचा शिल्पकार आपल्या शहरांची राखण दुसऱ्या देशाच्या वैमानिकांवर सोपवण्यास तयार झाला होता. परिस्थिती किती बिकट झाली होती, याचे याहून स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण.

ही पत्रे दीर्घकाळ गुप्त राहिली. राज्यसभा सदस्य सुधीर घोष यांनी १९६५ मध्ये त्यांचा उल्लेख केला तेव्हा मोठी खळबळ उडाली. पत्रांचा संपूर्ण मजकूर अमेरिकेतील केनेडी ग्रंथालयाने खुला केला तो २०१० मध्ये. प्रत्यक्षात पत्रांवर निर्णय होण्यापूर्वीच, २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. योगायोग असा, की त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्रात अभिमानाने म्हटले गेले. मदतीला धावून गेलेल्या या सह्याद्रीसमोर जी कामे वाढून ठेवली होती, त्यांत रिकाम्या आकाशाचा प्रश्न अग्रभागी होता.

आकाश राखायचे म्हणजे काय?

हवाई संरक्षण म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर झेपावणारे लढाऊ विमान येते. वास्तविक ते या साखळीतील शेवटचे कडे आहे. आधी येणारे विमान दिसले पाहिजे, मग ते कोणाचे आहे हे ओळखले पाहिजे, त्यानंतर त्याला कोणी आणि कुठे गाठायचे हे ठरले पाहिजे आणि मगच वैमानिकाचे काम सुरू होते. यातील एक कडी सुटली तरी उरलेल्या कड्या निरुपयोगी ठरतात.

पहिली अडचण पृथ्वीच्या गोलाईची आहे. रडारच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. जमीन मात्र क्षितिजापलीकडे वळून खाली जाते. दहा हजार मीटर उंचीवरून येणारे विमान जमिनीवरच्या शक्तिशाली रडारला सुमारे ४०० किलोमीटर अंतरावरून दिसू शकते. तेच विमान शंभर मीटर उंचीवरून आले तर ते सुमारे ४० किलोमीटरवर येईपर्यंत क्षितिजाआड लपलेले असते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने येणारे विमान मिनिटाला १५ किलोमीटर अंतर कापते. म्हणजे पहिल्या प्रसंगी बचाव करणाऱ्याच्या हाती पंचवीसहून अधिक मिनिटे असतात. दुसऱ्या प्रसंगी तीन मिनिटेही नसतात. एवढ्या वेळात ओळख पटवणे, आदेश देणे, इंजिन सुरू करणे आणि योग्य उंची गाठणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून एक रडार पुरत नाही. एकाच्या नजरेतून सुटलेले दुसऱ्याने टिपावे, अशी साखळी लागते आणि त्या साखळीतील प्रत्येक ठाणे एका नियंत्रण कक्षाशी भरवशाच्या संदेशवहनाने जोडलेले असावे लागते.

दुसरी अडचण माणसांची आहे. रडारच्या पडद्यावरील ठिपका पाहून वैमानिकाला दिशा, उंची आणि वेग सांगणारा भूनियंत्रक हा या व्यवस्थेचा कणा असतो. त्याने दिलेली दिशा थोडी चुकली, तर वैमानिक रिकाम्या आकाशात पोहोचतो. नियंत्रक आणि वैमानिक यांची ही जोडी पुस्तके वाचून तयार होत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा खरी विमाने उडवावी लागतात. या कामासाठी कोणीतरी शत्रू व्हावे लागते. मित्रांची गरज पडते ती येथे.

शत्रू होणारा मित्र

आपल्याच हवाई दलाची विमाने शत्रू म्हणून उडवली, तर त्यांच्या खोडी, त्यांचा वेग, त्यांचे ठरलेले मार्ग बचाव करणाऱ्यांना आधीच ठाऊक असतात. दुसऱ्या देशाचा वैमानिक वेगळ्या शाळेत शिकलेला असतो. तो वेगळ्या वाटेने येतो आणि त्यामुळे परीक्षा खरी होते.

याचे गाजलेले उदाहरण उत्तर अमेरिकेतील आहे. सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांच्या धास्तीने अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५७ मध्ये 'नोरॅड' ही संयुक्त हवाई संरक्षण व्यवस्था उभारली आणि १९५८ च्या कराराने तिला औपचारिक रूप दिले. या व्यवस्थेची कसोटी घेण्यासाठी १९६० ते १९६२ या काळात 'स्काय शील्ड' नावाचे तीन मोठे सराव झाले. ऑक्टोबर १९६१ मधील दुसऱ्या सरावासाठी संपूर्ण अमेरिका आणि कॅनडा यांवरील नागरी विमानवाहतूक बारा तास बंद ठेवण्यात आली होती. त्यात ब्रिटनची आठ 'व्हल्कन' विमाने हल्लेखोर बनून आली. काही उत्तरेकडून, तर काही बर्म्युडाच्या दिशेने. आपले आकाश अभेद्य असल्याचा विश्वास अमेरिकी जनतेला दिला जात होता. प्रत्यक्षात हल्लेखोर विमानांपैकी बरीचशी अडवली गेली नाहीत आणि हे निष्कर्ष पुढे अनेक दशके गोपनीय कागदांत बंद राहिले.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. मित्राने आपल्या भिंतीतले भगदाड दाखवून दिले, तर तो सरावाचा सर्वांत मोठा लाभ असतो. मात्र तेच भगदाड मित्रालाही ठाऊक होते, ही त्याची किंमत असते. म्हणून आजही कोणतेही हवाई दल परक्यांसमवेत सराव करताना आपल्या रडारची आणि क्षेपणास्त्रांची खरी क्षमता पूर्णपणे उघड करत नाही. कॅनडाने तर याहून मोठी किंमत मोजली, असे तेथील टीकाकार म्हणत आले. आपल्या आकाशाविषयीचा निर्णय आपल्याच राजधानीत होईल का, हा प्रश्न तेथे वर्षानुवर्षे चर्चिला गेला. हाच प्रश्न १९६३ मध्ये दिल्लीत अधिक तीव्रतेने उभा राहणार होता.

छत्रीचा वाद

युद्धबंदी होताच, २२ नोव्हेंबर १९६२ रोजी, ॲव्हेरल हॅरिमन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेचे शिष्टमंडळ दिल्लीत दाखल झाले. ब्रिटनकडून डंकन सँडिस आले. डिसेंबरमध्ये बहामा बेटांवरील नासाऊ येथे केनेडी आणि ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांची भेट झाली. भारताला १२ कोटी डॉलरची तातडीची लष्करी मदत द्यावी आणि तिचा निम्मा भार अमेरिकेने, तर निम्मा ब्रिटन व राष्ट्रकुलातील देशांनी उचलावा, असे तेथे ठरले. १९६३ च्या आरंभी अमेरिका आणि राष्ट्रकुलातील देशांच्या हवाई तज्ज्ञांचे संयुक्त पथक भारताच्या हवाई संरक्षणाची पाहणी करण्यासाठी येऊन गेले.

येथूनच 'हवाई छत्री' हा शब्द भारतीय राजकारणात गाजू लागला. चीनने पुन्हा हल्ला केला तर भारतीय हवाई दलाने पुढे जाऊन लढावे आणि मागे राहिलेल्या शहरांवर परदेशी लढाऊ विमानांनी छत्र धरावे, अशी ती कल्पना होती. साम्यवाद्यांना त्यात अलिप्ततेचा अंत दिसला. छत्रीसोबत तळ येतील आणि तळासोबत परकी हुकमत येईल, असा त्यांचा आक्षेप होता. याउलट, पाश्चात्त्य देशांशी उघड मैत्री करण्यात गैर काय, असे स्वतंत्र पक्षाचे म्हणणे होते. पाकिस्तानचा विरोध वेगळ्या कारणाने होता. ही शस्त्रे चीनसाठी म्हणून येतील आणि आपल्यावर रोखली जातील, असे रावळपिंडीचे म्हणणे होते. मार्च १९६३ मध्ये पाकिस्तानने चीनशी सीमा करार करून आपली दिशाही स्पष्ट केली.

वॉशिंग्टनमध्येही द्विधा मनःस्थिती होती. ९ मे १९६३ रोजी व्हाइट हाउसमध्ये झालेल्या चर्चेच्या ध्वनिफिती २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. चीनच्या मोठ्या हल्ल्यापासून भारताचे रक्षण करण्याची हमी द्यायची असेल, तर वेळ आल्यास अण्वस्त्रे वापरावी लागतील हे आधी लक्षात घ्यावे, असा इशारा संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी त्या चर्चेत दिला होता. केनेडी यांचा कल भारताच्या बाजूने होता. परंतु मैत्रीची भाषा आणि लेखी हमी यांत किती अंतर असते, हे या चर्चेवरून कळते.

अखेर जुलै १९६३ मध्ये जो समझोता झाला, तो नेहरूंनी नोव्हेंबरात मागितलेल्या मदतीपेक्षा पुष्कळ सौम्य होता. अमेरिका आणि ब्रिटन यांनी रडार व संदेशवहनाची सामग्री द्यावी, कायमची व्यवस्था उभी राहीपर्यंत प्रशिक्षणासाठी फिरती रडार यंत्रे पुरवावीत, त्यांच्या लढाऊ विमानांनी अधूनमधून भारतात येऊन भारतीय हवाई दलासमवेत सराव करावा आणि चीनने हल्ला केल्यास परस्परांशी विचारविनिमय करावा, असे त्याचे स्वरूप होते. मदतीला धावून येण्याचे बंधन कोणावरही नव्हते. परदेशी विमाने येतील ती सरावापुरती आणि परत जातील. आकाशासह देशाच्या रक्षणाची जबाबदारी भारत सरकारचीच राहील, ही भूमिका दिल्लीने ठामपणे मांडली. छत्री मिटली गेली आणि तिची जागा शिकवणीने घेतली.

त्याच महिन्यात 'व्हॉइस ऑफ अमेरिका'च्या प्रक्षेपकाविषयी झालेला करार देशांतर्गत टीकेमुळे भारताला सोडून द्यावा लागला. हवाई सरावाचा समझोता मात्र टिकला, तो त्यातील मर्यादा स्पष्ट होत्या म्हणूनच, असे म्हणावे लागेल.

पालम ते कलाईकुंडा

नोव्हेंबर १९६३ मध्ये 'शिक्षा' सराव पार पडला. अमेरिकेने एफ-१०० 'सुपर सेबर' विमाने आणली, ब्रिटनने 'जॅव्हेलिन', तर ऑस्ट्रेलियाने 'कॅनबेरा' बॉम्बफेकी विमाने. दिल्लीतील पालम आणि पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा हे तळ त्यासाठी निवडले होते. निवड सूचक होती. एक तळ राजधानीच्या राखणीचा, तर दुसरा कोलकात्याच्या. नोव्हेंबर १९६२ मध्ये ज्या दोन शहरांची चिंता सर्वाधिक होती, तीच शहरे आता सरावाचा विषय झाली. या संयुक्त सरावाची सर्वोच्च सूत्रे हवाई दलाचे तेव्हाचे उपप्रमुख अर्जन सिंग यांच्याकडे होती. परदेशी दले कितीही बलाढ्य असली, तरी सूत्रे भारतीय अधिकाऱ्याच्या हाती राहावीत, याला त्या वातावरणात विशेष महत्त्व होते.

आलेल्या विमानांमध्ये जॅव्हेलिनचे आकर्षण वेगळे होते. त्रिकोणी पंखांच्या या विमानात दोघे बसत. एक विमान चालवी आणि दुसरा विमानातील रडारच्या साहाय्याने अंधारात वा ढगांत लपलेले लक्ष्य शोधी. भारताकडे नेमक्या याच कामाची उणीव होती. कॅनबेरा विमान भारतीयांच्या परिचयाचे होते, कारण ते आपल्याही ताफ्यात होते. परंतु ते हल्लेखोर म्हणून समोरून येताना रडारच्या पडद्यावर कसे दिसते आणि त्याला कुठे गाठायचे, याचा अभ्यास वेगळा.

सरावाचे खरे विद्यार्थी जमिनीवर होते, असे म्हटले तरी चालेल. फिरत्या रडार यंत्रांवर बसणारे, ठिपक्यांची नोंद ठेवणारे, एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे माहिती पोहोचवणारे आणि वैमानिकाला वाट दाखवणारे असे हे लोक. आकाशात चार देशांची विमाने, चार प्रकारचे इंग्रजी उच्चार, वेगवेगळे वेग आणि एकच नियंत्रण व्यवस्था, अशा परिस्थितीत काम करण्याची सवय लावणे हाच अशा सरावाचा गाभा असतो. युद्धात गोंधळ होणारच. तो आधी एकदा अनुभवलेला असला म्हणजे निभावून नेता येतो.

मिटलेली छत्री, फुटलेले आकाश

सराव झाला त्याच महिन्यात, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडी यांची हत्या झाली. भारताविषयी आस्था असलेला अध्यक्ष गेला आणि वॉशिंग्टनमधील उत्साह ओसरू लागला. मे १९६४ मध्ये यशवंतराव चव्हाण अमेरिकेला गेले. एफ-१०४ 'स्टारफायटर' ही स्वनातीत लढाऊ विमाने मिळावीत, असा भारताचा आग्रह होता. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. चव्हाण अमेरिकेत असतानाच २७ मे रोजी नेहरूंचे निधन झाले आणि दौरा अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. जूनमध्ये लष्करी मदतीचा समझोता झाला, पण स्टारफायटरची मागणी मान्य झाली नाही.

सप्टेंबर १९६४ मध्ये चव्हाणांनी मॉस्कोत करार केला. मिग-२१ चा व्यवहार सोव्हिएत संघाशी १९६२ मध्येच सुरू झाला होता. आता त्याला व्यापक रूप आले. नाशिकजवळ ओझर येथे मिगचा कारखाना उभा राहिला, इंजिने कोरापूट येथे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबाद येथे तयार होऊ लागली. महाराष्ट्राच्या औद्योगिक नकाशावर ओझरचे नाव आले, त्यामागे वॉशिंग्टनमधील नकाराचाही वाटा होता. मिग-२१ ने पुढे साठहून अधिक वर्षे भारतीय आकाशाची सेवा केली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्याला निरोप देण्यात आला.

'शिक्षा'ची खरी परीक्षा मात्र सप्टेंबर १९६५ मध्ये झाली आणि ती नेमकी कलाईकुंडा येथेच झाली. ७ सप्टेंबरच्या सकाळी पूर्व पाकिस्तानातील ढाक्याहून निघालेली 'सेबर' विमाने अगदी खालून उडत कलाईकुंड्यावर आली. पूर्वसूचना मिळाली नाही. तळावर उभी असलेली कॅनबेरा आणि व्हॅम्पायर विमाने जळून गेली. ज्या तळावर दोन वर्षांपूर्वी आकाश राखण्याचा सराव झाला होता, तेथेच शत्रू क्षितिजाआडून आला. थोड्या वेळाने पाकिस्तानी विमाने पुन्हा आली, तेव्हा मात्र भारतीय 'हंटर' हवेत होती. फ्लाइट लेफ्टनंट आल्फ्रेड कुक आणि त्यांचे सहकारी ममगाईं यांनी संख्येने अधिक असलेल्या सेबर विमानांशी झुंज दिली आणि दोघेही वीरचक्राचे मानकरी ठरले.

एकाच सकाळच्या या दोन प्रसंगांत सरावाचे मर्म सामावले आहे. सराव माणसाला तयार करतो आणि दुसऱ्या हल्ल्याच्या वेळी तयार माणसांनी आपले काम केले. परंतु सरावासाठी आणलेली फिरती यंत्रे म्हणजे कायमची साखळी नव्हे आणि पहिल्या हल्ल्याच्या वेळी खालून येणाऱ्या विमानांना टिपणारी नजर नव्हती. त्या दिवशी हल्ला करणारी सेबर विमाने अमेरिकी बनावटीची होती, हेही विसरता येत नाही. दुसऱ्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांची लष्करी मदत थांबवली. भारताच्या अमेरिकी साहाय्यावर अवलंबून असलेल्या योजनांना खीळ बसली. पाकिस्तान तर अमेरिकेचा करारबद्ध मित्र होता, तरी त्याच्या विमानांच्या सुट्या भागांची वाटही बंद झाली. करार केलेला असो वा नसो, मित्राचे हित आपल्या हिताशी जुळते तोपर्यंतच त्याची मदत चालू राहते, हे दोन्ही देशांना एकाच आठवड्यात कळून चुकले.

सरावाचे नेतृत्व केलेले अर्जन सिंग तोवर हवाई दलप्रमुख झाले होते. हवाई संरक्षणातील भगदाडे त्यांनी जवळून पाहिली होती. १९६५ नंतर रडार, संदेशवहन आणि खालून येणारी विमाने हेरणाऱ्या निरीक्षण चौक्या यांकडे अधिक लक्ष दिले गेले. १९७१ च्या युद्धाला हवाई दल सामोरे गेले ते अधिक सज्ज होऊन.

पुन्हा तोच तळ

यानंतर चार दशके पाश्चात्त्य लढाऊ विमाने भारतीय आकाशात सरावासाठी अशा रीतीने आली नाहीत. शीतयुद्ध संपले, समीकरणे बदलली. २००३ मध्ये फ्रान्ससमवेत 'गरुड' आणि फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेसमवेत 'कोप इंडिया' हे सराव ग्वाल्हेर येथे झाले. २००५ मधील 'कोप इंडिया' मात्र कलाईकुंड्यावर झाला आणि तोही नोव्हेंबर महिन्यात. अमेरिकेची एफ-१६ विमाने तेथे उतरली, तेव्हा डाव्या पक्षांनी तळाबाहेर निदर्शने केली. बेचाळीस वर्षांनंतरही तळ तोच होता आणि आक्षेपही तोच होता. भूमिका तेवढ्या बदलल्या होत्या. १९६३ मध्ये भारत शिकण्यासाठी बसला होता; २००५ मध्ये आपल्याजवळही शिकवण्यासारखे काही आहे, या आत्मविश्वासाने तो सहभागी झाला.

ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये भारतीय हवाई दलाने 'तरंग शक्ती' हा पहिला मोठा बहुराष्ट्रीय सराव आयोजित केला. तमिळनाडूतील सुलूर येथील पहिल्या टप्प्यात जर्मनी, फ्रान्स, स्पेन आणि ब्रिटन हे देश सहभागी झाले, तर जोधपूर येथील दुसऱ्या टप्प्यात अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान, ग्रीस आदी देश. १९६३ मधील तिन्ही पाहुणे त्यात होते. यजमान देशाची स्थिती मात्र पार बदललेली होती.

अशा सरावांच्या बातम्या वाचताना दोन टोकांचे अर्थ काढले जातात. काहींना त्यात लष्करी युतीची चाहूल लागते, तर काहींना संकटसमयी धावून येणाऱ्या मित्रांची हमी दिसते. 'शिक्षा'चा इतिहास दोन्ही अर्थ खोडून काढतो. तो सराव झाला म्हणून भारत कोणाच्या गोटात गेला नाही आणि तो झाला म्हणून १९६५ मध्ये कोणी आपले आकाश राखायला आले नाही. मिळाले ते अनुभवाचे धन. आपल्या साखळीतील कच्चे दुवे कोणते, नियंत्रण कक्षात काय बिघडते, रात्री काय दिसत नाही, हे त्यातून कळले. ते दुवे बळकट करण्याचे काम आपल्यालाच करावे लागले आणि जिथे ते वेळेत झाले नाही, तिथे कलाईकुंड्यासारखी किंमत मोजावी लागली.

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर पाकिस्तानकडून ड्रोन आणि क्षेपणास्त्रे आली, तेव्हा भारताची एकात्मिक हवाई नियंत्रण व्यवस्था कसोटीला लागली. त्या साखळीत रशियाकडून घेतलेली एस-४०० प्रणाली होती, इस्रायलच्या सहकार्याने विकसित केलेले 'बराक' होते आणि स्वदेशी 'आकाश' क्षेपणास्त्रही होते. नोव्हेंबर १९६२ मधील पत्रात यंत्रांबरोबर ती चालवणारी माणसेही मागावी लागली होती. २०२५ मध्ये यंत्रे अनेक देशांची होती. पडद्यासमोर बसलेली माणसे मात्र भारतीय होती.